विलापातून गाळलेलं नाव

एल्दोस पहिल्यांदा आमच्या कोक-जार गावाला आला तेव्हा माझ्याच घरी उतरला, म्हणून त्याच्याबद्दल बोलायचा हक्क गावात सगळ्यांत आधी माझा. माझ्या दुकानामागे दोन खोल्या आहेत, त्या मी शहरातून येणाऱ्यांना देते. ही माणसं दोन प्रकारची असतात. एक येतात आणि आधी संडास कुठे आहे ते विचारतात. दुसरी आधी डोंगराकडे बघून वा म्हणतात आणि संडासाचं मागाहून, घाईघाईत विचारतात. एल्दोस दुसऱ्या प्रकारचा. त्याने डोंगराला वा म्हटलं, घोड्याला वा म्हटलं, कुंपणावर वाळत टाकलेल्या माझ्या जुन्या लोकरीच्या नमद्यालाही वा म्हटलं. ज्याला सगळंच आवडतं तो जाताना काय उचलून नेईल सांगता येत नाही, हे मी तेव्हाच मनात मांडून ठेवलं.

तो सिनेमासाठी जागा बघायला आला होता. गोष्ट त्याने मला चहा पिताना सांगितली. चार पोरं-पोरी, पंधरा-सोळा वर्षांची, उन्हाळ्याच्या कुरणावर जनावरं घेऊन जातात. तिथे त्यांना दगडाखाली मेंढीच्या घोट्याच्या हाडांची एक जुनी थैली सापडते. आमच्याकडे हाडांचा खेळ सगळेच खेळतात. जमिनीवर मोठं रिंगण आखायचं, मधोमध एक मोठं हाड ठेवायचं, तो खान, भोवती त्याची फौज, आणि नेम धरून एकेक हाड रिंगणाबाहेर उडवायचं. तर ही पोरं रिंगण आखतात आणि स्वतःच त्यात अडकतात. डोंगर राहतो, कुरण राहतं, पण रेषेबाहेर पाऊल पडत नाही. वरून कोणीतरी नेम धरत असतं. ज्याला नेम लागतो तो बाहेर फेकला जातो, घरी परत जातो, पण घरात त्याला कोणी ओळखत नाही. आईसुद्धा त्याचं नाव विसरलेली असते.

मी म्हटलं, गोष्ट बरी आहे, पण हाडं बाहेर उडवणारा कोण? एल्दोस म्हणाला, ते शेवटपर्यंत सांगायचं नसतं. म्हणजे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात बेकझातची पेटी आली.

बेकझात म्हणजे माझ्या शेजारच्या साल्कीनचा मुलगा. रशियात इमारतींवर काम करायचा. परांचीवरून पडला. साल्कीनचा नवरा आधीच गेलेला. घरात ती आणि तिची सासू उमुत अपा, एवढीच. बेकझात तिकडून पैसे पाठवायचा आणि दर फोनला सांगायचा, पुढच्या सुट्टीत येतो आणि पुढचं दार बसवून देतो. ते दार चौकटीत नीट बसत नव्हतं, वारा आला की आपोआप उघडायचं.

आमच्याकडे माणूस गेला की अंगणात तंबू उभा राहतो. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसतात आणि विलाप गातात. बाहेर घरचे पुरुष काठीवर रेलून उभे राहतात. येणारा पुरुष मुकाट्याने येत नाही. तो दुरूनच, रस्त्यावरूनच, मोठ्याने रडत येतो, ‘बोरूम ओय, माझ्या काळजा रे’ म्हणत. ज्याचं मयताशी पटत नव्हतं तोही येतो, आणि जरा जास्तच मोठ्याने रडतो. कोण किती लांबून रडत आला आणि कोण फाटकाशी येऊन मग सुरू झाला, हे गाव विसरत नाही.

साल्कीन एरवी मोजकं बोलणारी बाई. दुकानात आली की बोटानेच दाखवते. त्या दिवशी तंबूत तिने तोंड उघडलं आणि आम्ही बायका आपापलं रडणं विसरून तिच्याकडे बघत राहिलो. विलाप कोणी लिहून देत नाही. तो त्या वेळी येतो तसा येतो आणि पुन्हा तसाच येत नाही. तिच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मुलाचं नाव होतं.

कोट खुंटीवर तसाच, तू थंडीत गेलास, बेकझात,
दार लावायला मी विसरले नाही, तेच लागत नाही, बेकझात.

एल्दोस बाहेर पुरुषांत बसला होता. घरात पाहुणा असताना शेजारी मरण आलं तर पाहुणाही येतो, त्यात काही नवल नाही. तो रडत आला नाही, पण शहरातला म्हणून कोणी बोललं नाही. उलट जेवणात त्याला घोडीच्या मांसातलं कंबरेचं हाड वाढलं. म्हणजे केवढा मान, हे त्याला कळलं नसेल. आमच्या पंचायतीच्या मुख्याला त्याच दिवशी बरगडीवर भागवावं लागलं होतं आणि तो अजून ते बोलून दाखवतो. तर असं आमचं हाड चघळत एल्दोस तंबूला टेकून बसला होता, आणि त्याच्या खिशातला फोन सुरू होता. हे आम्हाला वर्षाने कळलं.

वर्ष झालं. साल्कीनने वर्षाचं जेवण घातलं, रीतीप्रमाणे काळे कपडे उतरवले. वर्षाचं जेवण झालं की विलाप बंद होतो. त्यानंतर त्या माणसासाठी कोणी गायचं नसतं. आठवण काढा, प्रार्थना म्हणा, पण तो आवाज पुन्हा काढायचा नाही. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं असतं.

मधल्या काळात एल्दोस पुन्हा आला, या खेपेला गाड्या, दिवे आणि शहरातली पोरं घेऊन. त्याने वरच्या कुरणावर चित्रीकरण केलं, गावातली अर्धी शाळा गर्दीत उभी केली. साल्कीनने त्यांच्यासाठी बोरसोक तळले. पिठाचे ते चौकोनी तुकडे पोरं टोपलीतून मुठी भरभरून न्यायची आणि ती हसायची. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. एल्दोस तिला दर वेळी म्हणायचा, ‘एजे, तुमच्या हाताला काय चव आहे.’ एजे म्हणजे ताई, आणि तेही डोळ्याला डोळा देऊन म्हणायचा. याचा मला आजही राग येतो.

मग शरदात, सिनेमा दाखवायच्या थोडे दिवस आधी, त्याची जाहिरात पोरांच्या फोनवर आली. माझ्या दुकानात गल्ल्यापाशी तीन-चार पोरं डोकी जुळवून बघत होती. साल्कीन मीठ घ्यायला आली होती. फोनमधून घोड्यांच्या टापा आल्या, कोणीतरी किंचाळलं, आणि मग एक बाई गायला लागली.

साल्कीन म्हणाली, ‘कोण गेलं?’

पोरं म्हणाली, कोणी नाही, सिनेमा आहे. ती ऐकत राहिली. स्वतःचा आवाज माणसाला बाहेरून ओळखू येत नाही. मला मात्र ओळखू आला होता आणि मी त्या पोराच्या हातातला फोन काढून घ्यायला गल्ल्याबाहेर येत होते. पण त्याआधी दाराची ओळ आली. साल्कीनने मीठ खाली ठेवलं.

‘एजे,’ ती मला म्हणाली, ‘हे माझं दार आहे.’

तिने पोराला पुन्हा लावायला सांगितलं. तो बिचारा लावायला तयार नव्हता, तरी तिने लावायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना मला कळलं काय झालंय ते. ओळ संपते आणि तिथे नाव नाही. बेकझात जिथे होता तिथे नुसता वारा भरला होता. कोट खुंटीवर तसाच, तू थंडीत गेलास, आणि वारा. तेच लागत नाही, आणि वारा.

मी पुष्कळ चोर पाहिले आहेत. दुकान चालवते म्हटल्यावर पाहावेच लागतात. साखर चोरणारे पाहिले, घोडा चोरणारा तर माझ्या माहेरचाच आहे. पण चोरलेल्या घोड्यावरचा मालकाचा डाग खरवडतात तसं मेलेल्या पोराचं नाव खरवडणारा मी पाहिला नव्हता.

सिनेमा आधी आमच्याच क्लबात, गावच्या सभागृहात, दाखवायचा, मग राजधानीत, असं एल्दोसने ठरवलं होतं. गावाचा मान म्हणे. तो सकाळीच आला. क्लबाच्या बाहेर खांबाला मोठा कर्णा बांधत होता, आत जागा मिळणार नाही त्यांना निदान ऐकू तरी यावं म्हणून. साल्कीन आणि मी त्याच्याकडे गेलो. मी बरंच काही ठरवून गेले होते, पण तिने वाटेतच मला बजावलं होतं की तू बोलू नकोस, तू बोललीस की भांडण होतं आणि मग भांडणाचीच गोष्ट होते.

तिने एवढंच सांगितलं की तो विलाप काढून टाक.

एल्दोस शिडीवरून उतरला. त्याला लाज वाटली नाही असं मी म्हणणार नाही, मी हिशेबाला पक्की आहे. कान लाल झाले होते त्याचे. पण शहरातल्या माणसाकडे लाजेसाठी लगेच शब्द असतात. तो म्हणाला की हा विलाप आता एकटीचा राहिलेला नाही, हा साऱ्या लोकांचा वारसा आहे. म्हणाला, किती नट्यांकडून गाऊन पाहिलं, एकीलाही जमलं नाही, सगळ्या रडायच्या आणि त्यात कोणी मेलेलं नसायचं. म्हणाला, सिनेमातला सगळ्यांत दुःखाचा क्षण तोच आहे, तो काढला तर पोरांची धावपळ तेवढी उरेल.

मी तरी बोललेच. विचारलं, मग नाव का कापलंस?

‘एजे, गोष्टच ती आहे ना,’ तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. ‘आई मुलाचं नाव विसरलेली आहे. कोणासाठी रडतेय तेच तिला ठाऊक नाही. नाव असतं तर सिनेमाच उरला नसता.’

साल्कीन म्हणाली, ‘मी विसरले नाही.’

‘तुम्ही नाही, एजे. सिनेमातली आई.’

‘आवाज तर माझा आहे.’

त्याने कर्ण्याची तार हातावर गुंडाळली. मग म्हणाला की आता कापणं हातात नाही, सगळं पक्कं झालंय. पण शेवटी पडद्यावर नावं येतात, त्यांत साल्कीनचं नाव घालता येईल, मोठ्या अक्षरांत.

‘माझं कशाला?’ साल्कीन म्हणाली. ‘ज्याचं होतं ते तू काढलंस.’

परत येताना ती एवढंच म्हणाली की संध्याकाळी ती सिनेमाला जाणार आहे. मी म्हटलं, वेडी आहेस का. तिने घरी जाऊन सासूला औषध दिलं, चहाचा थर्मास भरून ठेवला आणि चांगली ओढणी काढली.

क्लबात बसायला जागा नव्हती. आयांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पोरं. पुढच्या बाकावर पंचायतीचा मुख्य. त्याने या खेपेला कोणाला पुढे बसू दिलं नव्हतं. एल्दोस भिंतीशी उभा राहून पडद्याकडे नाही, आमच्या तोंडांकडे बघत होता.

आणि सिनेमा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर मला रागवायला किती सोपं गेलं असतं. रिंगणातली ती चार पोरं, डोक्यावर गरगरत येणारं ते डोंगराएवढं हाड, आपली पोरं किंचाळत होती आणि मीही एकदा शेजारणीचा हात धरला. मग बहीण भावाला ढकलते आणि त्याच्या जागी स्वतः नेमाखाली उभी राहते, तिथे मुख्याने नाक शिंकरलं. एक पोरगा बाहेर फेकला जातो. तो घरी येतो. आई अंगणात कणीक मळत असते. ती त्याला वाटसरू समजून भाकरी देते आणि विचारते, ‘कोणाचा रे तू?’ तो भाकरी घेतो, तुकडा मोडतो आणि सांगत नाही. मी रडले. खोटं कशाला बोलू? क्लबातली प्रत्येक बाई रडली, कारण प्रत्येकीचा कोणी ना कोणी परक्या गावी आहे आणि परत येईल तेव्हा कसा येईल हे कोणाला ठाऊक आहे?

मुलगा फाटकातून निघून जातो. आई पुन्हा कणकेशी बसते. तिचे हात थांबतात. खुंटीवर एक कोट दिसतो. आणि साल्कीनचा आवाज सुरू होतो.

अख्ख्या क्लबाला आवाज ओळखू आला. बाकांवरून एक हालचाल गेली, जशी कळपातून जाते. सगळ्या माना वळल्या. साल्कीन मधल्या रांगेत ताठ बसली होती. पडद्यावरून तिचा आवाज म्हणाला, तू थंडीत गेलास. वारा आला.

आणि त्या वाऱ्यात साल्कीन म्हणाली, ‘बेकझात.’

ओरडून नाही. चढ्या आवाजातही नाही. जिथे नाव होतं तिथे तिने ते ठेवलं. पुढची ओळ आली. तेच लागत नाही. ‘बेकझात.’ तिसऱ्या ओळीला आम्ही बायका तिच्याबरोबर म्हणालो. कोणी ठरवलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, ‘बोरूम ओय, माझ्या काळजा रे’, आणि एकाचा नाही, पुष्कळ पुरुषांचा.

झालं होतं असं. जनावरं उतरवून गुराखी परत येत होते, म्हातारे नाल्याच्या कठड्यावर बसले होते. त्यांच्या कानावर साल्कीनचा विलाप आला, तो कर्ण्यातून येतोय हे त्यांना कळलं नाही. वर्षाचं जेवण झाल्यावर बाई गात नाही. गात असेल तर घरात दुसरं मरण आलं. आणि तिच्या घरात उरलंय कोण, उमुत अपा. तेव्हा आमच्या पुरुषांनी काय करावं? टोप्या नीट केल्या आणि रडत रडत साल्कीनच्या घराकडे निघाले.

ते रडणं कानावर आल्यावर आत बसून राहणं आमच्यात कोणाला जमत नाही. पाय आपोआप उठतात. मुख्य उठला, बायका उठल्या, पोरं हाताला धरली गेली. एल्दोस दाराशी येऊन म्हणत होता, थांबा, अजून शेवट राहिलाय. त्याच्या अंगावरून गाव निघून गेलं. मागे पडद्यावर रिंगणातली पोरं धावत होती, रिकाम्या बाकांसमोर.

साल्कीनच्या फाटकाशी पोचलो तर दृश्य असं, की पुरुष ओळीने उभे राहून छाती पिटतायत आणि उमुत अपा उंबऱ्यावर, हातात वाटी, त्यांच्याकडे आळीपाळीने बघतेय. मग तिने सगळ्यांत मोठ्याने रडणाऱ्या कालिक अताला विचारलं, ‘कोण गेलं रे?’

कालिक अता म्हणजे आमच्या गावातला सगळ्यांत वयस्क पुरुष, हाडांच्या खेळात अजून पोरांना हरवणारा. त्याने डोळे पुसले, तिला नीट पाहिलं आणि म्हणाला, ‘तूच गेलीस असं वाटलं.’

‘मला चहा तरी संपवू द्या,’ उमुत अपा म्हणाली. ‘पण रडलात छान. पुढच्या खेपेला असंच रडा.’

लोक हसले. हसताना मी साल्कीनकडे पाहिलं, ती हसत नव्हती. मग खरी गोष्ट सगळ्यांना सांगावी लागली. ती मी सांगितली, काही न गाळता. तंबूमागचा फोन, कंबरेचं हाड, वारा, वारसा, सगळं. पुरुषांची तोंडं बदलत गेली. आपण खोट्या विलापाला रडलो याचा त्यांना राग नव्हता. खऱ्याच विलापाला रडलो आणि तो खोट्याला जुंपला होता, याचा होता.

एल्दोस मागोमाग आला. दुसरं करणार काय, प्रेक्षक सगळे इथे होते. तो फाटकाशी येऊन बोलायला लागला तसा कालिक अताने काठी आडवी धरली. म्हणाला, विलाप झालेल्या घरी माणूस दुरून रडत येतो. मागच्या खेपेला तू पाहुणा होतास, सोडून दिलं. आता तू पाहुणा नाहीस. जा, त्या झाडापासून रडत ये.

एल्दोसला वाटलं थट्टा आहे. कोणी हसलं नाही. तो पॉपलरच्या झाडापर्यंत गेला आणि तिथून ‘बोरूम ओय’ म्हणत निघाला. कसं सांगू? शब्द बरोबर होते, आवाजही मोठा होता, पण जाहिरातीत बोलतात तसं ते येत होतं. उमुत अपाने वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, याच्यापेक्षा माझी गाय बरं रडते. कालिक अताने त्याला पुन्हा पाठवलं. दुसऱ्या खेपेला तो अर्ध्या वाटेत थांबला.

‘अता, सगळ्या गावासमोर मला असं उभं करू नका,’ तो म्हणाला. ‘हे माझ्याच्याने होत नाही.’

‘ती गावासमोर नव्हती बसली,’ कालिक अता म्हणाला. ‘तंबूत बसली होती, भिंतीकडे तोंड करून.’

एल्दोस तिथेच उभा राहिला. साल्कीन पुढे झाली आणि तिने त्याला फाटकातून आत घेतलं. तिने घेतलं म्हटल्यावर काठी खाली झाली. तो हळू आवाजात तिला सांगू लागला की मूळ ध्वनी त्याच्या फोनमध्ये आहे, सबंध, नावासकट. सिनेमातून तो काढतो, उद्याच काढतो, पण हे तिने ठेवून घ्यावं. तिच्या फोनवर पाठवतो.

मी असते तर घेतलं असतं. खरं सांगते, लगेच घेतलं असतं. असा विलाप मी जन्मात ऐकला नाही आणि पुन्हा ऐकणारही नाही. मी साल्कीनला कोपराने ढोसलंदेखील.

तिने विचारलं, ‘सगळीकडे नाव आहे?’

‘सगळीकडे आहे, एजे.’

तिने फोन मागून घेतला आणि कानाला लावला, बेकझातचा रशियाहून फोन यायचा तेव्हा लावायची तसा, दुसरा कान हाताने दाबून. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. ती थोडा वेळ तशीच उभी होती, पायांकडे बघत. मग तिने फोन त्याला परत दिला.

‘पूस.’

‘एजे, दुसरं कुठेच नाहीये. पुसलं तर गेलंच.’

‘ते त्याला जाताना वाटेसाठी दिलं होतं,’ साल्कीन म्हणाली. ‘तुला नाही आणि मलाही नाही.’

त्याने आमच्यासमोर पुसलं. मुख्याने चष्मा लावून खात्री केली, कारण मुख्याला कशात तरी पुढे असावं लागतं. मग एल्दोसने तिथूनच शहरात फोन लावला आणि सिनेमा जोडणाऱ्याला सांगितलं की आईच्या प्रसंगातून गाणं काढ. पलीकडचा माणूस भांडत होता, सगळ्यांत चांगली जागा आहे म्हणत होता, आमच्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एल्दोस म्हणाला, काढ म्हटलं ना. त्याचा आवाज त्या एका वेळी खरा होता, तेवढं मी त्याच्या खात्यात टाकते. जास्त नाही.

आमच्याकडे घरी आलेला माणूस भाकरी न चाखता जात नाही, मग तो कोणीही असो. साल्कीनने भाकरी आणली, सगळ्यांपुढे फिरवली, त्याच्यापुढेही धरली. त्याने तुकडा मोडला. त्याच्या सिनेमातल्या पोरासारखाच उभा होता, हे त्याच्या लक्षात आलं असेल की नाही कोण जाणे.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही सगळे छाती फुगवून घरी गेलो असतो. पुरुष निघायलाच लागले होते. शहरवाल्याला कसं सरळ केलं, हे उद्या कठड्यावर कोण कसं सांगणार त्याची जुळवाजुळव चाललेली दिसत होती. तेवढ्यात वारा आला आणि साल्कीनच्या घराचं पुढचं दार करकरत उघडलं. भिंतीवर आपटलं.

सगळे त्या दाराकडे बघत राहिले.

साल्कीन दार ओढून घ्यायला गेली. ते लागलं नाही. पायाने दगड सरकवून तिने ते अडवलं, रोजच्या सवयीने. आमच्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, ‘त्याने चोरून ऐकलं. तुम्ही तर समोर बसून ऐकलं होतंत.’

अख्ख्या गावाने तो विलाप ऐकला होता. बायकांनी तो तोंडपाठ केला होता, लग्नाच्या जेवणातही कोणीतरी म्हणायचं, साल्कीनचं ते दाराचं काय होतं बघ, ऐकून अंगावर काटा आला होता. वर्षाच्या जेवणाला आम्ही त्याच दारातून आत गेलो, त्याच दारातून मांसाची गाठोडी घेऊन बाहेर आलो. गावात सुतार आहेत. माझ्या दुकानात बिजागऱ्या आहेत, खिळ्यांच्या बरणीशेजारी. कोणाच्या मनात आलं नाही. आणि आम्ही एल्दोसला झाडापासून चालवत होतो.

कालिक अता घरी गेला आणि रंधा घेऊन आला. मी बिजागऱ्या आणल्या. एका गुराख्याने चौकटीखाली खांदा दिला, मुख्याने दिवा धरला. एल्दोसला दार उचलून धरायला लावलं, उंच होता म्हणून. त्याच्या कोटावर भुसा पडत होता आणि तो एका शब्दानेही वा म्हणाला नाही.

सिनेमा मग राजधानीत लागला. माझी पुतणी तिकडे शिकते, तिला मी मुद्दाम पाठवलं, एल्दोसच्या शब्दावर राहायला मी काही त्याची मावशी नाही. पुतणीने सांगितलं, गाणं नाही. मुलगा फाटकातून जातो, आई कणकेशी बसते, हात थांबतात, आणि कसलाही आवाज नाही, वारासुद्धा. तिथे लोक रडतात म्हणाली. रडू देत. साल्कीनने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, कोट अजून खुंटीवर आहे का. आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, कोट राहू दे, कोट कोणाच्याही घरी असतो.

दार आता नीट लागतं. उमुत अपाची मात्र तक्रार आहे. पूर्वी दार उघडं असायचं तर रस्त्यावरून कोण कुठे चाललंय ते आत बसून दिसायचं. आता तिला उठून खिडकीशी जावं लागतं, आणि याला कोण जबाबदार म्हणून ती दर आठवड्याला माझ्या दुकानात येऊन मला विचारते.